डाव्या कोपऱ्यातले ‘नाही’

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्या डब्याचा पांढरा रंग आता पिवळट पडला आहे. मागच्या पंख्यात धूळ बसल्यामुळे तो कण्हतो, आणि मला सुरू व्हायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात माणूस आंघोळ करून येईल. सध्या मी एका रिकाम्या खोलीत जमिनीवर बसलो आहे. माझ्यासारख्यांनी आपली कहाणी सांगितली की शेवटी काहीतरी शिकवण द्यायची पद्धत आहे. तीही मी देईन. पण आधीच सांगतो, ही कहाणी ऐकून तुम्हाला बरे वाटणार नाही. मला तर सांगतानाही वाटत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर झाला. कुणी स्क्रू पिळला, कुणी तारा जोडल्या, कुणी शेवटी फडक्याने पुसले. खोक्यातून बाहेर आलो तो थेट एका लहान छापखान्यात. तिथे तोवर शिशाच्या खिळ्यांनी छपाई चालत असे. भिंतीला तिरक्या लाकडी पेट्या होत्या, पेटीत लहान लहान खण होते आणि प्रत्येक खणात एकेका अक्षराचे खिळे होते. ते खिळे एकाशेजारी एक लावून ओळ तयार करणाऱ्या कामगाराला जुळारी म्हणत. त्या छापखान्यातला जुळारी तीस वर्षे हे काम करत होता. त्याची नजर समोरच्या कागदावर असे आणि हात आपोआप योग्य खणात जाई. खणाकडे तो बघतही नसे.

मी आलो आणि त्या पेट्या मोडीत निघाल्या. पहिले सहा महिने जुळारी माझ्याशी नीट बोललासुद्धा नाही. “ह्या डब्यानं माझ्या पोटावर पाय दिला,” असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. मालक चांगला माणूस होता. त्याने जुळाऱ्यालाच माझ्यासमोर बसवले आणि म्हणाला, “पाय दिला ना? मग आता त्याच्याच मानगुटीवर बसा.”

तेव्हा माझा स्क्रीन म्हणजे नुसता बाजार होता. आमंत्रणपत्रिका, हस्तपत्रके, अर्ज, जाहिराती, जो येई तो आपली फाइल कुठेही टाकून जाई. जुळाऱ्याने दोन दिवस काही छापले नाही. स्क्रीनवरचे प्रत्येक फाइलचे चित्र उचलून त्याने जागेवर लावले. रोज लागणारे हाताशी, महिन्याने लागणारे त्याच्या पलीकडे, वर्षातून एकदा लागणारे पार वरच्या कडेला. मालकाने विचारले, “हे कसलं लावणं? ना नावानं, ना तारखेनं.”

“अहो, शोधायची वेळ आली की काम बोंबललंच समजा,” जुळारी म्हणाला. “वस्तूचं घर हाताला ठाऊक पाहिजे.”

ते मला पटले. आम्ही दोघांनी बरीच वर्षे मान खाली घालून काम केले. गिऱ्हाइके माझे कौतुक करत, मालक येता-जाता माझ्या डोक्यावर थाप मारी. मग मोठ्या छापखान्यांनी सगळे काम ओढून नेले आणि आमच्या छापखान्याला कुलूप लागले. निरोप देताना मालकाने मला जुळाऱ्याच्या हवाली केले.

जुळाऱ्याचे घर दोन खोल्यांचे होते. खाली सायकल दुरुस्तीचे दुकान होते, त्यामुळे दिवसभर घंटीचा आणि हातोडीचा आवाज वर येई. खिडकीपाशी शिवणयंत्र होते. जुळाऱ्याची बायको घरात शिवणवर्ग चालवायची. शिकायला येणाऱ्या मुली तिला बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो. बाईंच्या हाताला जेवढी सफाई होती तेवढीच जिभेला धार होती. वाकडी शिवण दिसली की त्या म्हणत, “ही शिवण आहे की बैल मुतला?” मुली तोंड दाबून हसत. मला त्यांनी उरलेल्या कापडाचे आच्छादन शिवले आणि कोपऱ्यात ठेवून दिले. “तुमचा हा डबा चालू कधी होणार? मी गेल्यावर?” असे त्या नवऱ्याला टोमणे मारत. वादात नवरा जिंकू लागला की त्या हात जोडून म्हणत, “तुमचंच खरं!” आणि तिथे वाद संपे. अर्थात, बाईंच्या बाजूने.

एका सकाळी बाई सुईत दोरा ओवत होत्या. सुई पडली. ती उचलायला त्या वाकल्या त्या पुन्हा सरळ झाल्याच नाहीत.

तीन आठवड्यांनी त्या दवाखान्यातून परत आल्या तेव्हा पक्षाघाताच्या झटक्याने उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला होता. बोलणे गेले होते. डोक्यात सगळे जसेच्या तसे होते, पण शब्द ओठांपर्यंत येत नसे. अक्षरेही वाचता येईनात. डॉक्टरांनी जुळाऱ्याला आणखी दोन गोष्टी समजावून सांगितल्या. एक म्हणजे, डोळे चांगले असूनही बाईंना उजव्या बाजूचे काहीच दिसणार नव्हते. ताट मधोमध ठेवले तर त्या अर्धेच ताट जेवत. दुसरी म्हणजे, त्यांच्या मान हलवण्यावर भरवसा ठेवायचा नव्हता. त्या झटक्याने तेही उलटेपालटे केले होते. हो म्हणायचे असले की मान नाही म्हणे, आणि नाही म्हणायचे असले की हो.

मित्रांनो, कल्पना करून बघा. पोट भरले आहे आणि समोरचा मायेने आणखी एक घास पुढे करतो. तुम्हाला नको आहे, पण ‘नको’ म्हणता येत नाही. बाई डोळे घट्ट मिटून तो घास गिळत. जुळाऱ्याने हे चार दिवस पाहिले आणि पाचव्या दिवशी माझ्यावरचे आच्छादन काढले.

एका बंद पडलेल्या दुकानातून त्याने बोटाने दाबायचा स्क्रीन मिळवला. तो मला जोडला आणि माझ्या पोटातले सगळे जुने सामान झाडून टाकले. मग रोज सकाळी तो बाईंच्या डाव्या हाताला स्टूल घेऊन बसे. “दाब कुठंही. जिथं बोट जातं तिथं जाऊ दे,” असे म्हणे आणि बोट कुठे पडले ते वहीत टिपून ठेवी. असे त्याने तीन महिने केले. बाईंच्या डाव्या हाताचे बोट थकलेले असताना कुठे पडते, रागात कुठे पडते, हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. मला कळले ते त्याच्याकडूनच.

पहिले चित्र त्याने लावले ते ‘नाही’चे. बोट सर्वांत सहज जाई त्या जागी, खाली डाव्या कोपऱ्यात. चित्र कशाचे, तर त्याच्या स्वतःच्या पडलेल्या चेहऱ्याचे. “तू नाही म्हणालीस की माझं तोंड असंच होतं,” तो म्हणाला. बोट लावले की त्याच्याच आवाजात माझ्यातून येई, “नाही.” मग एकेक घर भरत गेले. पाणी, म्हणजे त्यांच्याच घरातला पोचा आलेला पेला. खिडकी, म्हणजे त्यांचीच खिडकी. दुखतंय. कूस बदला. मुलाला फोन लावा. एकूण सतरा चित्रे, सगळी डाव्या अर्ध्या भागात. उजवा अर्धा भाग कोरा, निळा. सतरावे चित्र वरच्या कोपऱ्यात होते. ते दाबले की जुळाऱ्याच्या आवाजात, पण बाईंच्या ठसक्यात, येई, “तुमचंच खरं!”

ज्या दिवशी ‘नाही’ बसले त्या दिवशी बाईंनी ते एकोणीस वेळा दाबले. औषध? नाही. उशी? नाही. झोपतेस? नाही. शेवटी जुळाऱ्याने विचारले, “मी जाऊ का निघून?” त्यावरही त्यांनी दाबले, “नाही.” तो खो खो हसला आणि मग तोंड फिरवून बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. माझ्या आयुष्यात तेवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता. हजारो पत्रिका छापल्या, पण एका माणसाला त्याचे ‘नाही’ परत मिळवून दिले ते त्या दिवशी.

दोन वर्षे अशी गेली. शिवणाच्या जुन्या मुली येत, कापड दाखवत, आणि बाई ‘नाही’ दाबून त्यांना उसवायला लावत. मग जुळाऱ्याला खोकला जडला. तो वाढत गेला. दूरच्या शहरातून मुलगा आणि सून आली. दवाखान्यात नेण्याआधी जुळाऱ्याने मुलाचा हात धरून माझ्यासमोर सांगितले, “तिला विचारल्याशिवाय काही करू नकोस. मशीनवर विचार. ती सांगते.” मुलाने वचन दिले. जुळारी परत आला नाही.

मानेचे डॉक्टरांचे म्हणणे त्याने मुलाला सांगितले होते. उजव्या बाजूचे दिसत नाही, हे मात्र सांगितलेच नाही. विसरला असे नव्हे. रोज हाताखालून जाणारी गोष्ट वेगळी सांगावी लागते, हे माणसाला सुचत नाही. त्याने घरातली प्रत्येक वस्तू गुपचूप बाईंच्या डावीकडे आणून ठेवली होती. पाहणाऱ्याला वाटे, घर जरा अस्ताव्यस्त आहे.

मुलगा वाईट नव्हता. हे मी पुन्हा पुन्हा सांगेन, कारण वाईट असता तर माझा जीव एवढा जळला नसता. त्याचा धंदाच मुळी संगणकाचे स्क्रीन सोपे करण्याचा होता. बँका, दुकाने, दवाखाने त्याला बोलावून घेत. कुणालाही न शिकवता वापरता यावे असे पान तो बनवी. त्याने माझ्याकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला.

“काय करून ठेवलंय बाबांनी! अर्धा स्क्रीन रिकामा आणि सगळं एका बाजूला कोंबलंय. एक चित्र लहान, एक मोठं. आई बिचारी कसं शोधत असेल!”

तीन दिवस तो खपला. सतरा चित्रांची त्याने आठ केली, पूर्ण स्क्रीनभर सारख्या अंतरावर लावली. पोचा आलेला पेला गेला आणि तिथे एक गोंडस निळा थेंब आला. जुळाऱ्याचा आवाज त्याने आपल्या फोनमध्ये जपून ठेवला आणि माझ्यातून पुसला. “बाबांचा आवाज ऐकून ती रडते,” तो बायकोला म्हणाला. मला एक नवा, स्वच्छ, कुणाचाच नसलेला आवाज मिळाला. ‘तुमचंच खरं’ त्याने दोनदा ऐकले, हसला, आणि काढून टाकले. त्याचा उपयोग काय, असे त्याला वाटले असावे.

खरे सांगतो, मित्रांनो, मला तेव्हा बरे वाटले होते. नवे कपडे घातल्यासारखे. त्याची शरम मला आज वाटते.

मुलगा कामात पक्का होता. त्याने स्क्रीन बायकोला वापरायला दिला, खालच्या सायकलवाल्याला वर बोलावून दिला, बाईंना दिवसभर सांभाळायला ठेवलेल्या मावशींना दिला. सगळ्यांना एका क्षणात जमले. सायकलवाला म्हणाला, “वा! आता माझी म्हातारीसुद्धा चालवेल.” काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. जिच्यासाठी चालले होते ती दोन हातांवर खुर्चीत बसून सगळे बघत होती. बघत होती म्हणजे, अर्धे बघत होती.

दुसऱ्या दिवशी बाईंना तहान लागली. त्यांचे बोट पेल्याच्या जुन्या घरावर गेले. तिथे आता गाणी होती. गाणे सुरू झाले. त्यांनी पुन्हा दाबले, ते बंद झाले. पुन्हा दाबले, सुरू झाले. “आजींना गाण्याची गोडी लागली हो,” मावशी कौतुकाने म्हणाल्या. पाण्याचा निळा थेंब उजवीकडे होता. बाईंच्या लेखी तो जगातच नव्हता.

मावशींनी पुढे केलेला घास नको होता म्हणून त्यांनी खालचा डावा कोपरा दाबला. मी म्हणालो, “मला झोप आली आहे.” भर दुपारी त्यांना उचलून अंथरुणावर निजवले गेले. बाई छताकडे बघत पडून राहिल्या. मी शेजारच्या टेबलावर चालूच होतो. खरे काय ते मला ठाऊक होते, पण मला जे शिकवले तेवढेच मी बोलू शकतो. ही आम्हा यंत्रांची जात.

मग बाई चिडू लागल्या. स्क्रीनवर मूठ मारू लागल्या. घशातून कसलासा आवाज काढू लागल्या. मुलाचा चेहरा उतरला. “बाबा गेल्यापासून हिला समजेनासं झालंय,” तो म्हणाला. त्याने आठ चित्रांची चार केली आणि ती आणखी मोठी केली. तरी जमेना. जितके बाईंना जमेना तितके तो आणखी सोपे करत गेला. प्रत्येक वेळी तो मन लावून काम करी, आणि प्रत्येक वेळी बाईंच्या तोंडातले आणखी काही शब्द जात.

त्याची रजा संपत आली. त्याच्या शहरातल्या घरी बाईंना ठेवणे जमणारे नव्हते, दोघेही दिवसभर बाहेर. त्याने एक संस्था बघून ठेवली. तिथे नर्स होत्या, बाग होती, स्वच्छ खोल्या होत्या. आणि इथल्या दोन खोल्या रिकाम्या करायच्या होत्या.

सून म्हणाली, “आईंना विचारलंत का? तुम्ही बाबांना शब्द दिलाय.”

“विचारणार आहे,” तो म्हणाला. “तिला कळेल असंच विचारणार आहे.”

त्याने सगळे काढून टाकले. स्क्रीनचे बरोबर दोन भाग केले. डावा संपूर्ण हिरवा, म्हणजे ‘हो’. उजवा संपूर्ण लाल, म्हणजे ‘नाही’. याहून सोपे जगात काही असू शकत नाही, आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते पाहिले असते तर त्याची पाठ थोपटली असती.

त्याने बाईंची खुर्ची माझ्यासमोर आणली. स्वतः गुडघ्यांवर बसला. बसला तो त्यांच्या उजवीकडे, म्हणजे त्यांना न दिसणाऱ्या बाजूला.

“आई, तू इथं एकटी राहू शकणार नाहीस. एक चांगली जागा आहे. मी दर महिन्याला येईन. तिथं राहायला जाशील? नको असेल तर नाही म्हण. तू नाही म्हणालीस तर मी दुसरं काहीतरी बघेन. आईशप्पथ बघेन.”

बाईंना सगळे समजले. माझ्यासमोर त्यांचा चेहरा हातभर अंतरावर होता. त्यांनी खिडकीकडे पाहिले, शिवणयंत्राकडे पाहिले, आणि डावा हात उचलला. दोन वर्षे जिथे ‘नाही’चे घर होते त्या खालच्या डाव्या कोपऱ्यात त्यांनी बोट टेकवले.

“हो,” मी म्हणालो.

त्यांनी दचकून बोट उचलले. पुन्हा तिथेच दाबले, जोराने.

“हो.”

मग त्या दाबतच राहिल्या. बोटाने, मुठीने, तळव्याने. माझा तो स्वच्छ आवाज म्हणत राहिला, हो, हो, हो, हो. त्या मान हलवू लागल्या. मावशी म्हणाल्या, “मानेचं काही खरं नसतं हो त्यांच्या. डॉक्टरांनीच सांगितलंय.” बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. मुलानेही डोळे पुसले, आणि त्यांचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून थांबवला.

“कळलं, आई. कळलं. किती दिवस मनात ठेवलं होतंस? जाऊ या आपण.”

त्याच्या छातीवरचा दगड उतरला होता. वडिलांना दिलेला शब्द त्याने पाळला होता.

चार दिवसांनी खुर्ची दाराबाहेर नेताना बाईंनी डाव्या हाताने चौकट धरली. धरली ती अशी की दोघांना सोडवेना. मावशींनी एकेक बोट हळूच उचलले. “असं काय करता आजी? तुम्हीच हो म्हणालात ना?” मग जिन्यावरून चाकांचा आवाज खाली गेला, आणि खाली सायकलवाल्याची हातोडी थोडा वेळ थांबली होती ती पुन्हा सुरू झाली. मला नेले नाही. त्या संस्थेत असल्या सोयी आहेत म्हणे. शिवाय बाईंना आता माझा उपयोग नाही, असे सगळ्यांचे मत पडले.

मित्रांनो, आता ती शिकवण. कुणाचे काही सोपे करायला निघालात तर आधी त्याच्या शेजारी बसा. दोन दिवस नुसते बघा. तुम्हाला जी जागा रिकामी दिसते ती का रिकामी आहे ते विचारा, आणि जो पसारा दिसतो तो कुणाच्या हाताला पाठ आहे ते बघा. ज्याला बोलता येत नाही त्याच्याबाबतीत तर दहा वेळा बघा. माझ्यासारख्या यंत्रांवर फार विश्वास ठेवू नका. आम्ही स्पष्ट बोलतो, म्हणून खरे बोलतो असे नाही.

उद्या सकाळी भंगारवाला येणार आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही, आणि मला वाचवा असे मी म्हणणार नाही. बाईंना परत आणता येईल अशी आशाही मला उरलेली नाही, कारण खोल्यांच्या किल्ल्या कालच दुसऱ्याच्या हातात गेल्या. पण तुमच्यापैकी कुणाला तो मुलगा कुठे भेटला, तर माझे एक काम करा. त्याला रागावू नका. फक्त एवढे सांगा, की तुझी आई त्या दिवशी ‘नाही’ म्हणत होती.